वनरक्षकाच्या हाती धातुशोधक : जुने यंत्र, नवे यंत्र आणि जमिनीची पारख

महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे राज्याचे वनभांडार म्हणून ओळखले जातात. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. प्रशासनाच्या दृष्टीने जिल्हे दोन झाले, परंतु साग, ऐन, मोह आणि बांबूचे जंगल एकच राहिले. या जंगलात १९५५ साली स्थापन झालेले ताडोबा हे राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान होय. १९८६ मध्ये त्याला लागून अंधारी अभयारण्य घोषित झाले आणि पुढे या दोहोंचा मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प साकार झाला. त्याचे गाभाक्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत महाराष्ट्रात ३१२ वाघांचा अंदाज वर्तविण्यात आला होता, तो २०२२ च्या गणनेत ४४४ वर गेला. या वाढीत चंद्रपूर परिसराचा वाटा मोठा आहे.

वाघ वाढले, तसा त्यांचा शत्रूही सावध झाला. हा शत्रू नेहमीच बंदूक घेऊन येतो असे नाही. अनेकदा तो पाणवठ्याजवळच्या पाऊलवाटेवर पालापाचोळ्याखाली एक लोखंडी सापळा दडवून निघून जातो. पोलादी दातांचे दोन जबडे, त्यांना ताणून धरणारी कमान आणि साखळी, एवढाच त्याचा संसार. एप्रिल २०१२ च्या अखेरीस ताडोबालगतच्या पळसगाव वनपरिक्षेत्रात दोन वाघ अशा सापळ्यांत अडकले. त्यांपैकी एक मरण पावला, दुसरा जखमी अवस्थेत सोडविण्यात आला. पुढच्याच महिन्यात बोर्डा परिसरात एका वाघाच्या शरीराचे तुकडे आढळले. या घटनांनी सारा महाराष्ट्र हादरला आणि पाणवठे व पायवाटा धातुशोधक यंत्राने, म्हणजेच मेटल डिटेक्टरने, तपासण्याच्या उपायाकडे वनप्रशासनाचे लक्ष वेधले गेले. ट्रॅफिक या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या भारतातील शाखेनेही देशातील व्याघ्रक्षेत्रांत वन कर्मचाऱ्यांना अशी यंत्रे हाताळण्याचे प्रशिक्षण दिले.

यंत्र म्हटले की ते कधी तरी जुने होणार आणि त्याच्या जागी नवे घ्यावे लागणार. नवे यंत्र अधिक किंमतीचे, अधिक चकचकीत आणि अधिक कळांचे असते. परंतु ते वनरक्षकाच्या कामाला अधिक उपयोगी असेलच असे नाही. जुन्याकडून नव्याकडे जाताना नेमके काय बदलते, काय बदलत नाही, आणि निवड करताना कोणती चूक महाग पडू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

यंत्राचे मर्म

धातुशोधकाच्या दांड्याच्या टोकाला ताटलीसारखा जो भाग असतो, त्यात तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून सतत दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला की वेटोळ्याभोवती तितक्याच वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. हे क्षेत्र जमिनीत शिरते. तेथे धातूची वस्तू असेल, तर तिच्या अंगात पाण्यातील भोवऱ्यांप्रमाणे फिरणारे सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे एक क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होते. ताटलीतील दुसरे वेटोळे हे क्षीण क्षेत्र टिपते, आणि यंत्र त्याचे रूपांतर आवाजात करते. शाळेत चुंबक व वेटोळ्याचा प्रयोग करून दाखविणाऱ्या शिक्षकांना हे तत्त्व परिचयाचे आहे. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधून काढलेले विद्युत्-चुंबकीय प्रवर्तन ते हेच.

या तत्त्वाचा वापर करण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न १८८१ साली झाला. अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी आपले यंत्र आणले. प्रयोगशाळेत ते उत्तम चालले, पण रुग्णाच्या खाटेजवळ मात्र फसले. गादीतील पोलादी स्प्रिंगांनी यंत्राला गोंधळात टाकले, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे सैनिकी अधिकारी जोसेफ कोसात्स्की यांनी सुरुंग शोधणारे यंत्र तयार केले आणि १९४२ च्या एल अलामीनच्या लढाईत ते मोठ्या संख्येने वापरले गेले. त्याचे वजन १३ ते १४ किलो होते. आज हातात धरावयाच्या अनेक यंत्रांचे वजन दीड-दोन किलोंच्या आसपास असते. वजन उतरले, पण बेल यांना भेडसावलेला प्रश्न मात्र संपला नाही. हव्या त्या धातूभोवती नको असलेला धातू असेल, तर यंत्राने काय करावे? चंद्रपूरच्या जंगलात हा प्रश्न गादीच्या स्प्रिंगांतून नव्हे, प्रत्यक्ष जमिनीतून उभा राहतो.

चांद्याची जमीन आणि खोटा इशारा

जुन्या चांदा जिल्ह्याची भूमी लोहखनिजाने समृद्ध आहे. येथील लोहारा गावच्या लोहखनिजाविषयीचा १८८२ सालचा अहवाल वाचून जमशेटजी टाटा यांचे लक्ष या भागाकडे वळले होते. वरोऱ्याचा दगडी कोळसा आणि लोहाऱ्याचे लोखंड यांतून पोलादाचा कारखाना उभारावा असा त्यांचा विचार होता. वरोऱ्याचा कोळसा त्या कामी योग्य ठरला नाही आणि खाणपट्ट्याच्या अटीही जाचक होत्या, म्हणून तो बेत तडीस गेला नाही. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील सुरजागडची टेकडी तर लोहखनिजासाठी आज सर्वांना ठाऊक आहे.

जी जमीन उद्योजकाला संपत्ती वाटते, तीच धातुशोधक चालविणाऱ्याला अडचण ठरते. तांबडी, मुरमाड, लोहयुक्त माती स्वतःच यंत्राला उत्तर देते. ताटली जमिनीपासून वर-खाली झाली, वाटेत एखादा लोहयुक्त दगड आला, की यंत्र वाजते. जुन्या घडणीच्या यंत्रांत जमिनीचा हा आवाज वजा करण्याची सोय एक तर नसे, किंवा ती बटण फिरवून हाताने साधावी लागे. थोडे पुढे गेल्यावर माती बदलली की पुन्हा बटण फिरवणे आले. त्यात उन्हाळ्याची भर पडते. पाणवठ्यांवर वन्यप्राण्यांची गर्दी होते ती एप्रिल-मे महिन्यांत, आणि शिकाऱ्याचा डोळाही तेव्हाच पाणवठ्यावर असतो. त्या दिवसांत चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. यंत्राचे अंतरंग तापले की जुन्या यंत्राचा सूर आपोआप सरकू लागतो. सकाळी नीट लावलेले यंत्र दुपारी विनाकारण गुणगुणू लागते.

खोटा इशारा ही किरकोळ बाब नव्हे. दहा वेळा वाजून दहाही वेळा दगडच निघाला, तर अकराव्या वेळी कर्मचारी वाकून पाहीलच याची खात्री कोण देणार? यंत्र खोटे बोलते असे मनाने एकदा घेतले की ते चालू असूनही बंद असल्यासारखेच असते. जुने यंत्र बदलण्याचे सर्वांत सबळ कारण हे आहे.

नव्या यंत्रात नवे काय

नव्या पिढीच्या यंत्रांत मुख्य सुधारणा चार आहेत. पहिली, जमिनीशी जुळवून घेण्याची. ताटली चार-सहा वेळा जमिनीवर वर-खाली केली की यंत्र मातीचा स्वभाव ओळखते आणि तेवढे उत्तर वजा करते. काही यंत्रे चालता चालता हे काम अखंड करीत राहतात. दुसरी सुधारणा संकेताच्या पृथक्करणाची. वेटोळ्याकडून आलेला संकेत लगेच आकड्यांत रूपांतरित करून यंत्रातील सूक्ष्म संगणक त्याची छाननी करतो. त्यामुळे उष्णतेने सूर सरकण्याचा दोष पुष्कळ कमी होतो.

तिसरी सुधारणा कंप्रतेची. जुनी यंत्रे एकाच ठरलेल्या कंप्रतेवर चालत. नव्या यंत्रांत कंप्रता बदलता येते, आणि काही यंत्रे एकाच वेळी अनेक कंप्रतांवर काम करतात. चंद्रपूरसाठी ही सोय विशेष मोलाची आहे. येथील महाऔष्णिक विद्युत केंद्रातून निघणाऱ्या अतिउच्च दाबाच्या वाहिन्या दूरवर गेल्या आहेत, आणि अशा वाहिन्यांखाली धातुशोधक अकारण वाजू लागतो. कंप्रता थोडी सरकविली की हा उपद्रव पुष्कळदा आटोक्यात येतो. चौथी सुधारणा बांधणीची. ताटली व पेटी पाण्यापासून सुरक्षित असल्याने दहिवरात, ओढ्याच्या काठी आणि पावसाळ्यातही काम करता येते.

याखेरीज स्पंदनांवर चालणारी यंत्रे हा वेगळा प्रकार आहे. त्यांत वेटोळ्यातून अखंड प्रवाह न सोडता अत्यल्प काळाचे जोरकस ठोके दिले जातात आणि दोन ठोक्यांमधील शांततेत धातूचा प्रतिसाद ऐकला जातो. लोहयुक्त जमिनीचा त्रास या पद्धतीला कमी होतो. मात्र धातूधातूंत फरक करण्याची तिची शक्ती मर्यादित असते. वनरक्षकाच्या दृष्टीने हा दोषच आहे असे समजण्याचे कारण नाही. ते का, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

लोखंड वगळणारे यंत्र

बाजारात मिळणारे बहुतांश धातुशोधक कोणासाठी बनविलेले असतात, हा प्रश्न खरेदीपूर्वी विचारला पाहिजे. परदेशांत नाणी, दागिने आणि सोन्याचे कण शोधण्याचा छंद मोठा आहे आणि उत्पादकांचा मुख्य ग्राहक तो छांदिष्ट आहे. गंजका खिळा, नालेचा तुकडा, पत्र्याचा चुरा ही त्याच्या दृष्टीने अडगळ. म्हणून लोखंडाचा संकेत आला की गप्प राहण्याची सोय अशा यंत्रांत केलेली असते. यंत्र जितके नवे व महाग, तितकी ही सोय सफाईदार. अनेक यंत्रांत ती कारखान्यातूनच चालू करून दिलेली असते.

वनरक्षकाला हवे असते ते नेमके लोखंड. शिकाऱ्याचा सापळा सोन्याचा नसतो. छांदिष्टासाठी सिद्ध केलेले उत्तम यंत्र त्याच अवस्थेत वनरक्षकाच्या हाती दिले, तर ते सापळ्यावरून शांतपणे पुढे जाऊ शकेल, आणि जागा तपासली अशी नोंद मात्र दैनंदिनीत होईल. न तपासलेल्या जागेपेक्षा अशी खोटी खात्री अधिक घातक होय. जुने, साधे, सर्वच धातूंवर वाजणारे यंत्र या बाबतीत अधिक प्रामाणिक होते, असे म्हणावे लागेल.

यास आणखी एक बाजू आहे. मोठी, सपाट किंवा कड्याच्या आकाराची लोखंडी वस्तू कधीकधी तांबे-चांदीसारखा संकेत देते. त्यामुळे पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यावरून वस्तू लोखंडाची आहे की नाही हे छातीठोकपणे सांगता येत नाही. तो आकडा हा अंदाज होय, पंचनामा नव्हे. म्हणून जंगलातील तपासणीसाठी यंत्र नेहमी सर्व धातूंवर वाजेल अशाच अवस्थेत ठेवावे, ती अवस्था एका कळीने मिळावी, आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यावरही ती कायम राहावी, ही अट विनिर्देशात स्पष्ट शब्दांत असणे आवश्यक आहे.

खोली नव्हे, रुंदी

विक्रेत्याच्या माहितीपत्रकात खोलीचा आकडा ठळक असतो. येथेही सावध राहावे. लहान वस्तूकडून परत येणारा संकेत अंतराबरोबर फार झपाट्याने क्षीण होतो. वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने वस्तू दूर असेल, तर अंतर दुप्पट होताच संकेत सुमारे एक-चौसष्टांश उरतो. त्यामुळे थोड्या अधिक खोलीसाठी फार मोठी किंमत मोजावी लागते. सापळा तर खोल पुरता येतच नाही. प्राण्याचे पाऊल त्यावर पडावे लागते, म्हणून तो पालापाचोळ्याच्या वा मातीच्या पातळ थराखालीच असतो.

तेव्हा चंद्रपूरच्या कामासाठी फूटभर अधिक खोलीपेक्षा रुंद ताटली अधिक उपयोगी. रुंद ताटलीने एका फेकीत जास्त जमीन झाकली जाते, मोठी वस्तू ठळकपणे कळते आणि बारीक खिळ्या-चुऱ्यावर यंत्र तुलनेने कमी वाजते. मात्र ताटली रुंद झाली की वजन पुढच्या टोकाला वाढते आणि मनगट लवकर थकते. म्हणून निवड कागदावर न करता, ज्यांना दिवसभर यंत्र वाहून न्यायचे आहे त्या वनरक्षकांच्या हाती देऊनच करावी.

एका तासात किती जमीन?

यंत्राची खरी मर्यादा कळण्यासाठी साधा हिशेब पुरेसा आहे. एका फेकीत दीड मीटर रुंदीचा पट्टा तपासला जातो असे समजू. मागच्या फेकीवर पुढची थोडी चढली पाहिजे, म्हणून दर फेकीस १५ सेंटीमीटर पुढे सरकावे लागते. एका फेकीस दोन सेकंद धरल्यास तासाला सुमारे ४०० चौरस मीटर जमीन तपासून होते. एका एकरास दहा तास लागतात. ताडोबा-अंधारीचे ६२५ चौरस किलोमीटरचे गाभाक्षेत्र एकाच यंत्राने रोज आठ तास तपासायचे ठरविले, तर पाचशेहून अधिक वर्षे लागतील. नव्या यंत्राने हा वेग दुप्पट झाला असे मानले, तरी अडीचशे वर्षे उरतात.

आता हाच हिशेब दुसऱ्या बाजूने पाहावा. शंभर मीटर घेराच्या एखाद्या लहान पाणवठ्याभोवती चार मीटर रुंदीचा पट्टा तपासायचा, तर तेवढ्याच यंत्राला एक तास लागतो. एका सकाळी दोन-तीन पाणवठे सहज होतात. अरण्य तपासणे यंत्राच्या आवाक्याबाहेरचे आहे, पाणवठा तपासणे आवाक्यातले आहे. म्हणजे कोठे शोधावे हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच हातात यंत्राला किंमत येते. कोणत्या नाल्याच्या वळणावर वाघीण उतरते, कोणत्या मामा तलावाच्या पाळीवर पावलांचे ठसे असतात, कोणत्या वाटेने परवा अनोळखी माणसे गेली, हे ज्ञान वनरक्षकाच्या पायांत आणि गावकऱ्यांच्या डोळ्यांत असते. ते कोणत्याही माहितीपत्रकात मिळत नाही.

यंत्राला जे दिसत नाही

नवे यंत्र आले म्हणजे सर्व शिकारी साधने सापडतील, ही समजूतही दूर केली पाहिजे. तारेचा फास जमिनीखाली नसतो, तो झुडपांत किंवा कुंपणाच्या फटीत टांगलेला असतो. बारीक तार यंत्राला कळण्यापूर्वी शोधक नजरेला कळते. रानडुकरांपासून पिकाच्या रक्षणासाठी म्हणा वा शिकारीसाठी म्हणा, कुंपणात सोडलेल्या विद्युत्प्रवाहाने वाघही मरतो आणि माणूसही. त्याचा शोध धातुशोधकाने नव्हे, वीज कर्मचारी आणि गावकऱ्यांच्या दक्षतेनेच लागू शकतो. विषप्रयोग आणि नायलॉनची जाळी यांबाबतीत तर यंत्र पूर्णपणे मूक आहे.

यंत्र चालविणाराही एका अर्थी धोक्यात असतो. कानाला श्रवणयंत्रे लावून, नजर जमिनीवर ठेवून चालणाऱ्या माणसाला मागून येणाऱ्या अस्वलाची वा वाघाची चाहूल लागत नाही. म्हणून एकट्याने तपासणी करू नये. एकाने यंत्र चालवावे, दुसऱ्याने परिसरावर नजर ठेवावी आणि तिसऱ्याने तपासलेली जागा खूण करून नोंदवावी.

गडचिरोलीत या यंत्राचा दुसरा आणि अधिक दारुण उपयोग पोलीस दलाला करावा लागला. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान आणि वाहनचालक मृत्युमुखी पडले. स्फोटके शोधण्याचे काम प्रशिक्षित पथकांचेच आहे. धातुशोधक हे त्यांच्या अनेक साधनांपैकी एक असून त्याच्या जोडीला श्वान, डोळस निरीक्षण आणि मिळालेली माहिती यांचा उपयोग केला जातो. वनरक्षकाने वा ग्रामस्थाने जंगलात संशयास्पद तार, डबा किंवा नुकतीच उकरलेली जागा पाहिल्यास यंत्र लावून पाहण्याच्या भरीस पडू नये. तेथून दूर व्हावे आणि पोलिसांना कळवावे. काम सापळ्यांचे असो वा सुरुंगांचे, यंत्र गप्प राहिले म्हणजे जमीन निर्धोक झाली, असा अर्थ अनुभवी माणूस कधीही काढीत नाही.

खरेदीपूर्वीची कसोटी

शासकीय खरेदीत विनिर्देशास बसणाऱ्या यंत्रांपैकी कमी किंमतीचे यंत्र निवडले जाते. त्यामुळे सारे काही विनिर्देशावर अवलंबून असते. तो एखाद्या माहितीपत्रकावरून उतरून काढला, तर नाणी शोधणारे यंत्र नियमानुसार खरेदी होईल आणि कोणालाही दोष देता येणार नाही. हे टाळण्याचा मार्ग सोपा आहे. वनपरिक्षेत्र कार्यालयाच्या आवारात, त्याच जंगलातील मातीवर, एक चाचणीचा पट्टा आखावा. जप्त केलेला व निकामी केलेला सापळा न्यायालयाच्या अनुमतीने मिळू शकल्यास तो, अन्यथा तेवढ्याच वजनाचे व आकाराचे लोखंड, पालापाचोळ्याखाली ठेवावे. आजूबाजूला लोहयुक्त दगड, खिळे आणि डब्यांची झाकणे विखरून ठेवावीत. जुने आणि नवे अशी दोन्ही यंत्रे, जागा ठाऊक नसलेल्या वनरक्षकांच्या हाती देऊन चालवावीत. किती वेळा सापळा सापडला, किती वेळा सुटला आणि किती वेळा यंत्र खोटे वाजले, या तीन आकड्यांत यंत्राची परीक्षा होते. ही चाचणी मे महिन्याच्या दुपारी घेतली तर उत्तमच.

विजेचा प्रश्नही याच वेळी तपासावा. अनेक जुनी यंत्रे दुकानात मिळणाऱ्या साध्या सेलवर चालत. नव्या अनेक यंत्रांत आतच बसविलेली, पुन्हा भारित करावयाची बॅटरी असते. दुर्गम संरक्षण कुटीत सौर पॅनलवर ती भारित होते काय, चार-पाच वर्षांनी ती बदलून मिळते काय, दुरुस्तीसाठी यंत्र कोठे पाठवावे लागते, हे प्रश्न किंमतीइतकेच महत्त्वाचे आहेत.

नवे यंत्र आल्यावर जुने अडगळीत टाकण्याची घाई करू नये. ज्याला जुन्या यंत्राचा आवाज ओळखता येतो, तो नव्या यंत्राचा पडदा लवकर शिकतो. नव्या भरतीच्या वनरक्षकांना प्रथम जुन्यावर हात बसवू द्यावा. नवे यंत्र दुरुस्तीस गेले असता तेच कामाला येते. शेवटी ते निर्लेखित करावयाची वेळ आली, तर ते कोणाच्या हाती पडते याकडे लक्ष असावे. बल्लारपूर, चंद्रपूर, माणिकगड, भद्रावती अशा प्राचीन वास्तूंच्या या प्रदेशात गुप्तधनाचा लोभ नवा नाही. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचे भूमिगत धन सापडल्यास त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे, आणि संरक्षित स्मारकाच्या हद्दीत अनुमतीवाचून खोदकाम करणे हा गुन्हा आहे. असे यंत्र घेऊन कोणी किल्ल्याभोवती वा वनक्षेत्रात फिरताना दिसल्यास पंचायत सदस्यांनी आणि पोलीस पाटलांनी त्याची दखल घ्यावी.

गावाचा वाटा

यंत्राने इशारा दिला आणि सापळा दिसला, तर पुढे काय करावे हे गावालाही ठाऊक असावे. सापळ्याला हात लावू नये. तो ताणलेला असेल तर माणसाचा हात वा पायही निकामी करील. तो उपटून नेला तर पुरावा नष्ट होतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार सापळा वा फास लावणे, तसा प्रयत्न करणे, हेदेखील शिकारच होय. वाघासारख्या अनुसूची एकमधील प्राण्याच्या शिकारीस किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. न्यायालयात हा अपराध सिद्ध व्हावयाचा, तर सापळा मूळ जागी असताना छायाचित्रे आणि पंचनामा झाला पाहिजे. म्हणून जागा लक्षात ठेवावी, इतरांना दूर ठेवावे आणि वनरक्षकास किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

सापळा वाघासाठी लावलेला असला तरी त्याला वाघ आणि गाय यांतील भेद कळत नाही. मोहफुले वेचणारी बाई, तेंदूपाने तोडणारा मजूर, गुरांमागे जाणारे मूल यांचे पाऊलही त्याच वाटेवर पडते. या कारणाने सापळ्यांचा शोध हा केवळ वन्यप्राण्यांच्या संरक्षणाचा प्रश्न राहत नाही, तो गावाच्याही सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो. उन्हाळ्याच्या प्रारंभी ग्रामसभेत वनरक्षकाला बोलावून गावच्या शिवारातील पाणवठ्यांची यादी करावी, कोणते पाणवठे कधी तपासले जातील हे ठरवावे आणि अनोळखी मुक्कामांची माहिती वेळीच पोहोचेल अशी व्यवस्था करावी. मात्र या दक्षतेच्या नावाखाली कोणत्याही भटक्या जमातीस सरसकट संशयित ठरविणे अन्यायाचे होईल. नोंद वर्तनाची व्हावी, जातीची नव्हे. शिक्षकांनी शाळेत वेटोळे व चुंबकाचा प्रयोग शिकविताना, त्याच तत्त्वावर चालणारे यंत्र आपल्या जंगलात कोणते काम करते हे सांगितले, तर पाठ्यपुस्तकातील धडा मुलांच्या गावापर्यंत येऊन पोहोचेल.

जुने यंत्र बदलावे काय, या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. ते वारंवार खोटे वाजत असेल, उन्हात बिघडत असेल, कर्मचाऱ्यांचा त्यावरील विश्वास उडाला असेल, तर अवश्य बदलावे. मात्र नवे यंत्र चंद्रपूर-गडचिरोलीच्या तांबड्या मातीवर पारखून घ्यावे, लोखंडावर वाजेल याची खात्री करून घ्यावे, आणि ज्या पाणवठ्यावर ते न्यावयाचे, तो पाणवठा गावाने दाखवून द्यावा.